नाताळ आगमनकाळापासून घरी पाळायचा आहे: कडं, गोठा, तारा, फराळ यांचा क्रम कसा ठेवावा?

जाईची_वेल

नमस्कार. आम्ही मूळ वसईकडचे कॅथलिक, राहायला पुण्यात. फ्लॅट लहान, मुलं सात आणि अकरा वर्षांची. नाताळ म्हटलं की २४ तारखेला सगळी घाई एकदम होते आणि २६ला घर परत जसंच्या तसं. यंदा (२०२६) आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या साधारण चार आठवड्यांच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारपासून घरात काहीतरी रोजचं, मुलांना हाताने करता येईल असं करायचं आहे. त्यामागचा अर्थही त्यांना त्यांच्या भाषेत सांगता यायला हवा.

नेमके प्रश्न:
– चार मेणबत्त्यांचं कडं घरी कसं करायचं? जांभळ्या मेणबत्त्या मिळत नाहीत.
– गोठ्यात (येशूजन्माच्या देखाव्यात) पेरलेल्या गव्हाला बुरशी येते किंवा तो पिवळा पडून आडवा होतो. काय चुकतं?
– बांबूचा तारा टांगल्यावर पिळतो. मापं हवी आहेत.
– फराळातलं काय आधी करून ठेवावं, काय अगदी शेवटी?
– बाळ येशू गव्हाणीत कधी ठेवायचा? धाकट्याला पहिल्याच दिवशी ठेवायचा असतो.

---

बावखल

ताई, आधी तारखा घ्या, बाकी सगळं त्यांवर बसतं. आगमनकाळाचा पहिला रविवार म्हणजे ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार. यंदा तो २९ नोव्हेंबर. पुढचे तीन ६, १३ आणि २० डिसेंबर. नाताळ शुक्रवारी येतो, म्हणून आगमनकाळ २६ दिवसांचा. नाताळ रविवारी आला तर तो २८ दिवसांचा होतो आणि सोमवारी आला तर जेमतेम २२ दिवसांचा, म्हणून गेल्या वर्षीचं वेळापत्रक उचलून चालत नाही. पुढे नाताळकाळ सुरू होतो तो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे १० जानेवारीपर्यंत. आपल्याकडे २५ला सण संपला असं वाटतं, पण उपासनेच्या हिशेबाने तो त्या दिवशी सुरू होतो. घरातला क्रम याच्याशी जुळला की अर्थ समजावून सांगण्याचं निम्मं काम आपोआप होतं.

आता कडं. याची सुरुवात हाम्बुर्गमध्ये १८३९ साली झाली. योहान हिनरिश विखर्न हे पाद्री गरीब मुलांचं वसतिगृह चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांच्या छोट्या लाल. म्हणजे ही मुळातच मुलांची दिनदर्शिका आहे. कॅथलिक चर्चमध्ये हे कडं नंतर, विसाव्या शतकात आलं. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी हे रंग उपासनेतल्या वस्त्रांवरून घेतलेले.

घरी असं करा. साधारण ३० सेंटीमीटरचं स्टीलचं ताट घ्या, त्यात दोन बोटं ओली वाळू. वाळूत चार मेणबत्त्या चौकोनात, एकमेकींपासून १५ सेंटीमीटरवर खोचा. मध्ये जाड पांढरी, ती २४च्या रात्रीसाठी. भोवती हिरवा पाला. सुरूच्या फांद्या दिसायला सुरेख, पण आठवड्यात वाळतात आणि मग ठिणगीलाही पेट घेतात. दर शनिवारी पाला बदला, आणि ज्योतीपासून पानं चार बोटं खालीच राहतील एवढी मेणबत्ती वर ठेवा. जांभळ्या मिळत नसतील तर पांढऱ्या घेऊन बुडाशी, वाळूला लागून, रंगीत फीत बांधा. तीन जांभळ्या, एक गुलाबी. फीत वर बांधू नका.

दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत रोज संध्याकाळी दहा मिनिटं लावायची असेल तर हिशेब असा. बोटभर जाडीची मेणबत्ती तासाला साधारण अडीच सेंटीमीटर जळते. २४च्या संध्याकाळपर्यंत पहिली सुमारे ११ सेंटीमीटर जळलेली असेल, दुसरी ८, तिसरी ५ आणि चौथी जेमतेम २. म्हणून २० सेंटीमीटर उंचीची घ्या, पुरते. त्या रात्री ताटात उतरता जिना तयार होतो. तो जिना मुलांना दाखवा. वाट पाहिल्याचं माप डोळ्यांसमोर असतं, वेगळं प्रवचन लागत नाही. म्हणूनच चारही एकदम लावायच्या नाहीत आणि जळून लहान झालेली मध्येच बदलायचीही नाही.

गुलाबी तिसऱ्या रविवारी, १३ डिसेंबरला. त्या रविवारचं नाव ‘गाउदेते’, म्हणजे आनंद करा. फिलिप्पैकरांस पत्र ४:४ मधून आलेलं. जांभळा रंग प्रायश्चित्ताचा आणि तयारीचा. त्यात मधेच गुलाबी येतो, कारण अर्धी वाट सरलेली असते. पापनिवेदनाला जायचं असेल तर हाच आठवडा धरा, शेवटच्या दोन दिवसांत चर्चमध्ये रांगा असतात.

रविवारची शुभवर्तमानं (येशूच्या चरित्रातली वाचनं) यंदा अशी: मार्क १३:३३–३७ (जागे राहा), मार्क १:१–८ (योहानाची हाक), योहान १:६–८ आणि १९–२८, आणि चौथ्या रविवारी लूक १:२६–३८, म्हणजे गाब्रिएल दूताचा निरोप. मोठ्या मुलाने वाचायचं, धाकट्याने मेणबत्ती लावायची. वाचून झालं की अर्धा मिनिट गप्प बसायचं, मग ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’. पाच-सात मिनिटांपेक्षा लांबवलं की पहिल्या आठवड्यानंतर मुलं कंटाळतात आणि सगळंच सुटतं.

१७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी थोड्या वेगळ्या ठेवा. चर्चच्या सायंप्रार्थनेत या दिवसांत येणाऱ्या तारणाऱ्याला रोज एका वेगळ्या नावाने हाक मारतात: ज्ञान, प्रभू, इशायाचा अंकुर, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. लॅटिनमध्ये या सात नावांची आद्याक्षरं उलटीकडून वाचली की ‘एरो क्रास’ होतं, म्हणजे ‘उद्या मी असेन’. अकरा वर्षांच्या मुलाला हे कोडं नक्की आवडेल. रोज एक चित्र काढून भिंतीवर लावायचं: पुस्तक, पेटतं झुडूप, अंकुर, किल्ली, सूर्य, मुकुट, आणि शेवटी रिकामी गव्हाण.

---

कामठी_दोरा

ताऱ्याचं सांगतो. पिळण्याची कारणं दोनच: काठ्या कमी-जास्त लांबीच्या असतात, किंवा गाठी योग्य जागी नसतात. अंदाजाने बांधलेला तारा जमिनीवर बरा दिसतो, टांगला की उघडा पडतो.

दहा कामठ्या (बांबूच्या चपट्या काठ्या) लागतात, सगळ्या अगदी सारख्या लांबीच्या. पाच पुढच्या ताऱ्याला, पाच मागच्या. रुंदी १ सेंटीमीटर, जाडी ४ ते ५ मिलिमीटर. पेर कामठीच्या मध्यावर येईल अशी निवडा, टोकाजवळ पेर असलं तर तिथे वाकत नाही, मोडते. बांबू फार सुका असेल तर रात्रभर पाण्यात ठेवा.

मापं: पाच कोनांच्या ताऱ्यात प्रत्येक काठीला दोन काठ्या छेदतात. ते दोन बिंदू आधीच पेन्सिलने खुणावून घ्यायचे. काठीच्या लांबीला ०.३८२ ने गुणा, तेवढ्या अंतरावर दोन्ही टोकांकडून एकेक खूण.
९० सेंटीमीटरची काठी: ३४.४ – २१.२ – ३४.४.
६० सेंटीमीटरची काठी: २२.९ – १४.२ – २२.९. फ्लॅटच्या गॅलरीला ही पुरते.

पाच काठ्या एकावर एक, एकाखाली एक अशा गुंफा आणि टोकं बांधा. मग खुणेवर खूण आणून पाच आतल्या गाठी मारा. खुणा जुळल्या की तारा आपोआप सरळ बसतो, डोळ्यांनी मोजत बसावं लागत नाही. दुसरा ताराही अगदी त्याच क्रमाने गुंफा. इथेच चूक होते: दुसरा उलट गुंफला गेला की दोन्हींचा ताण विरुद्ध दिशेला जातो आणि टांगल्यावर पीळ पडतो.

दोन्ही तारे एकमेकांवर ठेवून पाचही टोकं जोडीने बांधा. आता आतल्या पाच गाठींमध्ये पाच आडव्या टेकणकाड्या बसवायच्या, तेव्हा तारा फुगतो. लांबी काठीच्या सहाव्या भागाएवढी: ९०ला १५, ६०ला १०. हौसेने २० ठेवली तर टोकाशी काठी फुटते. पाचही काड्या एका वेळी कापा. अर्ध्या सेंटीमीटरचा फरकही तारा एका अंगाला कलवतो.

कागद: पुढे-मागे मिळून दहा रुंद त्रिकोण (३४.४, ३४.४, पाया २१.२), बाजूचे दहा अरुंद त्रिकोण (पाया १५), आणि दोन पंचकोन. एकूण २२ तुकडे. प्रत्येकाला दीड सेंटीमीटर जादा ठेवा, तो काठीवर दुमडायचा. पतंगाचा कागद सगळ्यांत चांगला. मागचा पंचकोन चिकटवू नका, वरच्या एकाच कडेला लावून झडप ठेवा. दिवा तिथूनच आत जातो.

चिकटवायला मैद्याची खळ: ५० ग्रॅम मैदा, ३०० मिलिलिटर पाणी, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत. झुरळं खाऊ नयेत म्हणून मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे. मुलं हात घालणार असतील तर अजिबात नको. खळ पातळ लावा. जाड लावली की कागद वाळताना आक्रसतो आणि काठीजवळ फाटतो. कागद चिकटवताना ताणायचा नाही, खळ वाळली की तो स्वतःच ढोलकीसारखा ताणला जातो.

आत ५ वॉटचा एलईडी पुरे. दोन टेकणकाड्यांना दोरा बांधून बल्ब मधोमध लटकता ठेवा, कागदाला टेकलेला नको. तारा टांगायचा तो वायरवर नाही, वेगळ्या दोरीवर. दोरी एका टोकाच्या गाठीतून घेतली तर तो वाऱ्यात गरगर फिरतो, म्हणून खालच्या दोन टोकांनाही बारीक दोरा बांधून गॅलरीच्या गजाला अडकवा. पुण्यात डिसेंबरचं दव पडतं. खळ दवाने सुटते, म्हणून छपराखाली.

मत्तयाच्या शुभवर्तमानात तारा मागी लोकांच्या (पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांच्या) पुढे चालतो आणि बालक होतं तिथे येऊन थांबतो (२:९). म्हणून तारा बाहेर, वाटेवरून दिसेल असाच लावतात. घरात भिंतीला टेकवून लावला तर त्याचं काम उरत नाही.

---

सुरंगी

गोठ्याबद्दल लिहिते. आधी गहू, कारण चूक तिथे होते.

दिवस मागे मोजा. २४च्या रात्री आठ-दहा सेंटीमीटर उंचीचं हिरवं शेत हवं असेल तर मुंबई-वसईच्या हवेत आठ दिवस पुरतात, पुण्या-नाशिकच्या थंडीत दहा. म्हणजे तुम्ही १४ तारखेला पेरा. नाचणी हवी असेल तर १२ दिवस धरा. ती बारीक आणि दाट येते, लहान मूर्तींच्या शेजारी भाताच्या खाचरासारखी दिसते. गहू त्यामानाने उंच आणि राकट.

वीस सेंटीमीटरच्या ताटलीला १०० ग्रॅम गहू. रात्रभर, आठ-दहा तास भिजवा. पाण्यावर तरंगणारे दाणे काढून टाका, बुरशी त्यांच्यापासूनच सुरू होते. सकाळी निथळून ओल्या फडक्यात एक दिवस बांधून ठेवा. मोड आल्याचा पांढरा ठिपका दिसला की पसरायचे. ताटलीच्या तळाला खिळा तापवून पाच-सहा भोकं पाडा. दोन-तीन सेंटीमीटर माती, निम्मी कोकोपीट. दाणे एकाच थरात, दाण्याला दाणा लागेल इतके, पण दाण्यावर दाणा नको. वर मातीची पातळ भुरभुर. दोन दिवस कागदाने झाका, मग लगेच खिडकीत उजेडात.

बुरशी येते ती तीन कारणांनी: दाण्यांचे थर, तळाला साचलेलं पाणी, आणि झाकण जास्त दिवस ठेवणं. पाणी वरून ओतू नका. ताटली पाण्याच्या थाळीत पाच मिनिटं ठेवून खालून पिऊ द्या आणि काढा. पिवळा पडून आडवा होतो तो अंधारामुळे: गोठा कोपऱ्यात असतो, पेरलेली ताटली तिथेच ठेवली जाते आणि रोप उजेड शोधत लांब होऊन कोसळतं. गोठ्यातले दिवे त्याला पुरत नाहीत. २३पर्यंत ताटली खिडकीतच ठेवा, रोज अर्धा फेरा फिरवा म्हणजे एकाच बाजूला वाकणार नाही. गोठ्यात न्यायची ती २४ला दुपारी.

मुलांना यातून खूप सांगता येतं. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थच ‘भाकरीचं घर’. आणि गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तर पुष्कळ पीक देतो, हे येशूचं स्वतःचं वाक्य आहे (योहान १२:२४). ताटलीत बोटाने माती बाजूला करून फुटलेला, रिकामा होत चाललेला दाणा दाखवा. सात वर्षांच्या मुलाला ते पुरेसं कळतं.

आता गोठा. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेच्चो गावी एका गुहेत गव्हाण, गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून नाताळची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) साजरी करवली. मूर्ती नव्हत्याच. गवत आणि रिकामी गव्हाण हाच गोठ्याचा गाभा, बाकीची सजावट कमी असली तरी चालते. एक गंमत मुलांना शोधायला लावा: लूकच्या शुभवर्तमानात बैल-गाढव कुठे आहेत? नाहीत. ते यशया १:३ मधून आले, बैल धन्याला ओळखतो, गाढव मालकाची गव्हाण ओळखतं, पण माझे लोक ओळखत नाहीत. म्हणून त्या दोघांची तोंडं नेहमी गव्हाणीकडे वळवून ठेवतात.

जागा ९० बाय ६० सेंटीमीटर मिळाली तर पंधरा सेंटीमीटर उंचीच्या मूर्ती घ्या. एका गोठ्यात दोन मापांच्या मूर्ती मिसळू नका. मिसळायच्याच असतील तर लहान मागे डोंगरावर आणि मोठ्या पुढे, म्हणजे अंतर वाटतं. डोंगरासाठी जुनं गोणपाट: लाल मातीच्या दाट चिखलात बुडवून, पिळून, उलट्या खोक्यांवर टाका, दोन दिवसांत कडक होतं. गुळगुळीत ताणू नका, सुरकुत्या म्हणजेच डोंगर. छप्पर भाताच्या पेंढ्याचं. कापसाचा बर्फ नको. पेंढ्याशेजारी पिवळसर एलईडी माळच लावायची, मेणबत्ती किंवा तापणारा बल्ब गोठ्यात कधीही नाही. माळेचा जोड आणि प्लग पेंढ्याबाहेर राहतील असं बघा.

बाळ येशूबद्दल: मूर्ती आधी काढूच नका, खोक्यातच राहू द्या. धाकट्याला त्याऐवजी रोजचं काम द्या. एक वाटी पेंढ्याच्या काड्या ठेवा. दिवसभरात कुणासाठी काही चांगलं केलं, भांडण सोडलं, आजीला पाणी दिलं, की एक काडी गव्हाणीत. २४पर्यंत गव्हाण मऊ झाली पाहिजे. मग मिस्सेहून आल्यावर घरातल्या सर्वांत लहान मुलाने मूर्ती ठेवायची. तोपर्यंत मरिया आणि योसेफसुद्धा गोठ्यात नकोत, ते वाटेवर आहेत. घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रोज थोडे पुढे सरकवा, ‘आज कुठवर आले’ हे सकाळी उठल्या उठल्या बघितलं जातं.

---

जाईची_वेल

सगळ्यांचे मनापासून आभार, हे छापून ठेवते. दोन गोष्टी राहिल्या. मागी लोकांना गोठ्यात कधी आणायचं? आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला धाकटा झोपतो, सकाळची मिस्सा केली तर काही कमी होतं का?

---

नगरची_वाट

मी प्रोटेस्टंट, त्यामुळे मिस्सेचं नेमकं बावखल सांगतील. मागी लोकांपुरतं सांगतो. मत्तयात ते ‘घरात’ येतात (२:११), गोठ्यात नाही. संख्याही दिलेली नाही. सोने, ऊद आणि गंधरस अशी तीन दानं आहेत म्हणून तीन माणसं धरली गेली. तेव्हा मेंढपाळांच्या शेजारी त्यांना पहिल्याच रात्री उभं करण्याची घाई नको. मेंढपाळ त्याच रात्री आले, मागी दूरचा प्रवास करून नंतर. एक कुंपणाबाहेरचे गरीब, दुसरे परदेशी विद्वान, आणि दोघांसाठी दार तेच. दोघांना वेगळ्या वेळी आणलं की मुलांना हा फरक न सांगता कळतो.

आमच्याकडे कड्यातल्या मेणबत्त्यांना आशा, शांती, आनंद, प्रेम अशी नावं देतात. क्रम मंडळीनुसार बदलतो, पण आनंद तिसरा असतो. जांभळ्याऐवजी चारही लाल किंवा निळ्या असल्या तरी कुणी हरकत घेत नाही.

एक आग्रह मात्र आहे. घरातली गाणी मराठी असू द्या. मोबाइलवर इंग्रजी कॅरल लावून ठेवली की मुलं ऐकतात, गात नाहीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग-ओवीच्या चालीत मराठी ख्रिस्ती गीतं लिहिली, ती टाळ आणि पेटीवर घरी सहज बसतात. आठवड्याला एकच गाणं घ्या, त्याची दोनच कडवी, आणि तेच रोज. चार आठवड्यांत चार गाणी पाठ होतात. स्वर खालचा धरा. मोठ्यांना सोयीचा उंच स्वर धरला की मुलं ओरडतात नाहीतर गप्प होतात. सात वर्षांच्या मुलाला काळी एक-काळी दोनच्या आसपास सहसा जमतं, एकदा गाऊन बघा आणि बदला.

---

बावखल

कमी काही होत नाही, ताई. नाताळच्या वेगवेगळ्या मिस्सा आहेत आणि प्रत्येकीचं शुभवर्तमान वेगळं. रात्रीच्या मिस्सेत लूक २:१–१४, म्हणजे जन्म आणि देवदूतांचं गीत. पहाटेच्या मिस्सेत लूक २:१५–२०, मेंढपाळ उठून बेथलेहेमला जातात. दिवसाच्या मिस्सेत योहान १:१–१८, ‘शब्द देही झाला’. पहाटेची केलीत तर तुम्हीही मेंढपाळांसारखे उठून निघालात असं मुलाला सांगा, आणि लूक २:१–१४ रात्री घरी मधली पांढरी मेणबत्ती लावून वाचा. २४च्या संध्याकाळची मिस्साही चालते. तुमच्या पॅरिशचं (भागातल्या चर्चचं) वेळापत्रक आधी विचारून घ्या. ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे बऱ्याच ठिकाणी उघड्यावरची ‘मध्यरात्रीची’ मिस्सा पुष्कळ आधी सुरू होते.

एक खूण मुलांना दाखवून ठेवा. वर्षभर मिस्सेत विश्वासांगिकार (श्रद्धेची कबुली) म्हणताना ‘तो देह धारण करून मनुष्य झाला’ या ओळीला आपण मान लववतो. नाताळच्या दिवशी त्या ओळीला गुडघे टेकतात. पुस्तकात बघत असाल तर निसटून जातं.

प्रभूप्रकटीकरणाचा सण, म्हणजे मागी लोकांच्या भेटीचा, मुळात ६ जानेवारीचा. भारतात तो रविवारी साजरा होतो, यंदाच्या नाताळकाळात ३ जानेवारी २०२७ला. मागी त्या दिवशी गोठ्यात. २५पासून नऊ दिवस मिळतात: पुस्तकांच्या कपाटावरून निघून टीव्हीच्या टेबलावर, तिथून खिडकीत, असे सरकवा.

---

माडाची_सावली

फराळाचा प्रश्न राहिला. टिकण्याच्या उलट क्रमाने करा, म्हणजे जे जास्त टिकतं ते आधी.

१२–१३ डिसेंबर: कुलकुल. अर्धा किलो मैदा, ७० ग्रॅम कडकडीत तूप, १०० ग्रॅम पिठीसाखर, एक अंडं, चिमूट मीठ, आणि लागेल तसं नारळाचं घट्ट दूध, साधारण दीडशे मिलिलिटर. दूध थोडं थोडं घाला, पीठ पुरीपेक्षा किंचित सैल. अर्धा तास झाकून ठेवा. बोराएवढी गोळी तेल लावलेल्या काट्याच्या मागच्या बाजूवर अंगठ्याने पसरून गुंडाळायची. काटा नसेल तर नवी, धुतलेली फणी. मुलांना हे काम द्या, पण गोळी लहान ठेवा. जाड कुलकुल वरून लाल होतं आणि आत कच्चं राहतं, आणि कच्चं राहिलेलं चार दिवसांत खवट लागतं. तेल मध्यम, एक गोळी टाकली तर ती सावकाश वर यायला हवी. तेलात फुटत असेल तर मोहन जास्त झालंय, दोन चमचे मैदा मळून घ्या. साखरेचं कवच हवं असेल तर २०० ग्रॅम साखर, १०० मिलिलिटर पाणी, दोनतारी पाक. गॅस बंद करून गार कुलकुल त्यात टाका आणि साखर पांढरी होईपर्यंत ढवळत राहा. चिकट राहिलं तर पाक कच्चा होता. हवाबंद डब्यात पंधरा दिवस सहज.

१९–२० डिसेंबर: दोदोल. पाव किलो तांदळाचं पीठ, अर्धा किलो माडाचा काळा गूळ, तीन नारळांचं दूध. गूळ दुधात विरघळवून गाळाच, त्यात कचरा असतो. पीठ गार दुधातच कालवा, गरम दुधात टाकलं की गाठी. मग जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर दीड-दोन तास, हात थांबू न देता. बाजूंनी तेल सुटून गोळा एकत्र फिरायला लागला की झालं. घाईने आच वाढवली तर खाली लागतं आणि तो वास सगळ्या पातेल्यात उतरतो. पुण्यात माडाचा गूळ मिळाला नाही तर काळा चिक्कीविरहित ऊसगूळ घ्या, रंग फिका येतो, चव वेगळी पण चांगली.

२२–२३: नेवऱ्या. ओल्या खोबऱ्याच्या चार दिवसांत संपवायच्या. ताटातून वाटायच्या असतील तर सुकं खोबरं, भाजलेला रवा आणि तीळ घालून करा. तळताना फुटतात त्या आत हवा कोंडल्यामुळे: सारण भरल्यावर कडा दाबायच्या आधी बोटाने हवा बाहेर ढकला.

केकचं लिहीत नाही, त्यावर इथे बरेच धागे आहेत.

ताटं २४ला दुपारी भरा. गोव्यात या वाटपाला कोन्सुआद म्हणतात. पोर्तुगीजमध्ये ‘कोन्सोआदा’ म्हणजे उपवासाच्या दिवशी संध्याकाळी घ्यायचं हलकं खाणं, तिथून शब्द आला. पहिलं ताट, ज्या घरी या वर्षी कुणी गेलंय तिथे न्यायचं. दुःखाच्या घरी नाताळचं तळण होत नाही, ते शेजाऱ्यांनी पुरवायचं असतं. मुलांना सोबत न्या आणि ताट त्यांच्याच हातात द्या. ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांसाठी अंड्याशिवायचं कुलकुल वेगळ्या डब्यात, वेगळ्या तेलात तळून ठेवा आणि तसं सांगून द्या.

---

सुरंगी

आवरण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून पुरवणी. गोठा १० जानेवारीच्या संध्याकाळी काढा. गहू तोवर उंच होऊन लोळायला लागतो, नवीन वर्षाच्या सुमारास कात्रीने चार बोटांवर कापलात तर पुन्हा हिरवा होतो. कापलेला पाला गाईला. प्लास्टरच्या मूर्ती ओल्या फडक्याने पुसू नका, रंग निघतो. कोरड्या ब्रशने झाडून, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून, मूर्तींची बोटं आणि गाढवाचे कान वर येतील अशा उभ्या ठेवा. बाळ येशू वेगळ्या डबीत, डबीवर नाव लिहून, सगळ्यांत खाली. पुढच्या वर्षी खोकं उघडताना तो शेवटी हाताला लागला पाहिजे.